पहिल्या सुरीचा मान

रत्नागिरी, ता. ६ नोव्हेंबर १९३३

सौ. उमाबाई परशुराम घाग यांस,

मी श्रीपती रावजी घाग. वय त्रेपन्न. नोकरी सांभाळून उशिरा वाणिज्य शाखेची पदवी घेतली; सध्या आगबोट कंपनीच्या येथील कचेरीचा व्यवस्थापक आहे. नात्याने आपला थोरला दीर. आपली-माझी भेट झालेली नाही, त्यामुळे हे पत्र आगंतुक वाटेल. तरी हेतू प्रथमच स्पष्ट करतो. येत्या नाताळास पालीपलीकडच्या आमच्या वाडीतील घरी तकाकी चढवलेले हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी, शिजवावयाचे आहे. ते कसे शिजवतात, हे आपण कृपा करून सविस्तर कळवावे.

कारण आपणांस बहुधा ठाऊक असेल. तरीही नोंदवतो, कारण ऐकीव गोष्टींत फरक पडतो. सोळा वर्षांपूर्वी परशुरामने मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि तो ते दुसऱ्याकडून न कळवता स्वतः वडिलांना सांगावयास आला. वडील म्हणाले की, या घरच्या पंगतीत यापुढे तुझे पान मांडले जाणार नाही. परशुराम घरापुढच्या खळ्याच्या कडेला चपला घालत होता. तो म्हणाला, "ज्या नाताळला या खळ्यात तकाकी चढवलेलं हॅम शिजेल, त्या नाताळला जेवायला येईन. तोवर नाही."

वडिलांनी याला उद्धटपणा मानले. भावकीने थट्टा मानली. मी मात्र तेव्हापासून त्याकडे अट म्हणून पाहत आलो आहे. अट पुरी करता येते किंवा येत नाही. ती कोणत्या रागाने घातली, हे पाहण्याचे कारण नाही. वडील चार वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून दर वर्षी मी परशुरामास घरी बोलावतो. तो प्रकृतीचे, शाळेचे, नगरच्या पाण्याचे सर्व लिहितो आणि बोलावण्याच्या उत्तरादाखल एकच ओळ लिहितो, "अट ठाऊक आहेच."

आई, येसूबाई, ऐंशीच्या घरात आहे. तिची दृष्टी मंदावत चालली आहे. वडिलांच्या शब्दाखातर सोळा वर्षांत तिने परशुरामचे नाव काढले नाही. या दसऱ्याला सोने वाटून झाल्यावर ती मला म्हणाली, "मला त्याला जेवताना बघायचंय. दिसतंय तोवर." एवढेच.

परशुरामास तूर्त हे कळवू नये. हॅम साधलेच नाही, तर तो हसेल, आणि ते हसू मला पुढील नाताळपर्यंत पुरेल.

आपला
श्रीपती रावजी घाग


रत्नागिरी, ता. २७ नोव्हेंबर १९३३

सौ. उमाबाई यांस,

आपले पत्र पोचले. ते वाचून माझी पत्नी गोदा हसली आणि मी ते पुन्हा एकदा वाचले. हॅम हा आपल्या धर्मातील नाताळचा नैवेद्य असावा, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. आपल्याकडे नाताळला करंज्या होतात, ऐपतीप्रमाणे मटण होते, आणि हॅम आपण फक्त मिशनच्या मडमेच्या स्वयंपाकघरात हाताळले आहे, हे वाचून माझ्या समजुतीला धक्का बसला. परशुरामने ते एकदाच, एका साहेबाच्या मेजवानीत, चाखले आणि वडिलांना डिवचण्यासाठी त्याचे नाव घेतले, हा आपला तर्क मला पटतो. तो लहानपणीही असेच करी.

"करंज्या करा, मी त्यांना समजावून पाठवते," हे आपले सांगणे मायेचे आहे. पण अट हॅमची आहे, करंज्यांची नाही. करंज्यांवर आलेला माणूस उद्या म्हणेल की मी दया म्हणून आलो. हॅमवर आला तर त्याचा शब्द आणि आमची चूल, दोघांचीही लाज राहील. करंज्या गोदा करणारच आहे, त्या वरकड.

आता आपल्या कृतीविषयी. मिठाच्या पाण्यात अंडे तरंगले पाहिजे, हे समजले. सोरा पारध करणाऱ्यांकडे, बंदुकीच्या दारूसाठी ठेवलेला, मिळतो. नारिंगाचा मुरंबा येथे नाही. त्याऐवजी मे महिन्यातला आंब्याचा साखरांबा आणि गुळाची काकवी चालेल का? आणि भट्टी कोठून आणावयाची? गोदा म्हणते, आपण धोंडस भाजतो तसे भाजू, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. काकडीचा गोड पदार्थ आणि डुकराची मांडी यांना एकच विस्तव मानवेल का, हे मला माहीत नाही. आपले मत कळवावे.

मांडी अर्थातच रानडुकराची. गावडुकराचे नाव जरी काढले, तरी आमच्या घरात मलाच प्रवेश राहणार नाही. रानडुकराची गोष्ट निराळी. भात कापून झाले की पारध निघते; ती शिकार सगळी वाडी खाते. फक्त ती घरात न शिजता खळ्यात, तीन दगडांवर शिजते. म्हणजे परशुरामने अट घालताना चूल तरी बरोबर निवडली होती.

एक अडचण लपवीत नाही. आमचे चुलते आत्माराम हे भावकीचे वडीलधारे. त्यांना कुणकुण लागली. मी वाडीस गेलो असता ते आमच्या ओट्यावर येऊन, पाणीही न घेता सांगून गेले की, परशुराम पंगतीस बसला तर घाग भावकीतला एकही माणूस आमच्या दारी पानावर बसणार नाही. लग्नात नाही, मयतात नाही. आईने आतून सर्व ऐकले. ते गेल्यावर तिने मला विचारले की हॅमला मीठ जास्त लागते की गूळ. यावरून मी समजलो की थांबावयाचे नाही.

श्रीपती घाग


रत्नागिरी, ता. १५ डिसेंबर १९३३

सौ. उमाबाई यांस,

मांडी मिळाली. ती कशी मिळाली हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही, कारण त्यात मी एक करार करून बसलो आहे.

गेल्या आठवड्यातल्या बुधवारी पारध निघाली. रजा घेऊन मी वाडीस गेलो होतो. दुपार कलताना हाका उठल्या, बार झाला, आणि थोड्या वेळाने पारधी कळकाच्या दांड्याला बांधलेले डुक्कर घेऊन उतरले. भातावर पोसलेले, पाठीवर चरबी असलेले, आपण सांगितले होते तसेच. विस्तवावर केस भाजून झाले. मी कोट आणि टोपी घालून पुढे झालो आणि पारधीचा म्होरक्या भागोजी याला म्हणालो की मागची एक मांडी मला सबंध, कातड्यासकट हवी.

सगळे हसावयाचे थांबले. मला वाडी सोडून तीस वर्षे झाली, त्यामुळे मी एक साधी गोष्ट विसरलो होतो. पारधीची शिकार सबंध कोणाच्याच घरी जात नाही. कुंभ्याच्या पानांवर तिचे वाटे पडतात. प्रत्येक घराला प्रत्येक अवयवातला तुकडा पोचतो, मुंबईस असलेल्यांच्या घरांनाही. शिकार उठवण्याच्या हाक्याला गेलेल्या कुत्र्यांचाही वाटा असतो. सबंध मांडी मागणे म्हणजे सगळ्यांच्या पानातला घास मागणे.

मी मोबदला देऊ केला. भागोजीने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी देऊळच विकत मागितले होते. मग तो मान खाजवून म्हणाला, "न्या सबंद तंगडी, दादा. आमचं काय नाय. पन मंग आमचा वाटा तुमच्या खळ्यात. शिजली की आमी यऊ खायाला, पोराबाळांसकट. नि कुत्रींपन."

मी मान्य केले. घरी येईपर्यंत मला त्याचा अर्थ उमगला नव्हता. तो गोदाने सांगितला. आत्माराम चुलते म्हणतात, भावकी येणार नाही. भागोजी म्हणतो, वाडी येणार आहे. आणि वाडी म्हणजेच भावकी. ज्यांना नाताळच्या पंगतीला यावयाचे नाही, त्यांचाच वाटा आता माझ्या रांजणात मुरत पडला आहे. वाटा नाकारला तर पारधीच्या देवाचा अपमान होतो आणि त्या घराला वर्षभर हाक्याला कोणी बोलावत नाही. वाटा घेतला तर पंगत. मी मुत्सद्देगिरी केली, असे काही लोक म्हणत आहेत. मी केलेली नाही. मी फक्त रिवाज न विचारता मागितले.

रांजण विहिरीशेजारच्या ओल्या मातीत, सावलीत पुरला आहे. खारे पाणी उकळून, निववून ओतले; अंडे तरंगले. रोज सकाळी मांडी उलटण्याचे काम आईने अंगावर घेतले आहे. तिला ती नीट दिसत नाही, पण वासावरून ती सांगते, "अजून रानाचा वास येतोय," किंवा, "आता माणसात येतेय."

आता परशुरामास सांगण्यास हरकत नाही. त्याला पुरावा हवा असल्यास भागोजीच्या अंगठ्यानिशी दाखला पाठवीन.

आपणही यावे, अशी आईची फार इच्छा. पण आपण सांभाळता त्या वसतिगृहातील मुलींना नाताळात सोडून येता येणार नाही, असे आपण आधीच लिहिले आहे, आणि ज्यांना घर नाही त्यांचा सण आपल्यावर अवलंबून असताना आग्रह करणे मला उचित वाटत नाही.

श्रीपती घाग


मुक्काम वाडी, ता. २६ डिसेंबर १९३३

चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद.

मायना बदलला आहे, हे तुझ्या लक्षात येईल. धाकटीला मी पत्रात काय म्हणतो, असे आईने काल मला विचारले. मी "आपण" म्हणतो असे सांगताच ती म्हणाली, "धाकट्या सुनेला आपण? ती काय मामलेदार आहे?" तेव्हा यापुढे तू.

परशुराम येथे आहे. काल तो आला, जेवला, आणि हे लिहिताना पडवीत आईशेजारी बसून तिला सुपारी कातरून देत आहे. आता क्रमाने सांगतो.

काल पहाटे मांडी पाण्यातून काढली. तू सांगितल्याप्रमाणे ती आदल्या रात्री गोड्या पाण्यात घातली होतीच. भात उकडण्याच्या मोठ्या तपेल्यात, मंद आचेवर, मिरी-लवंगांसकट ती शिजू लागली. खळ्यात वास सुटला तेव्हा वाडीतली कुत्री येऊन अशी शिस्तीने बसली, की आमच्या बोटीवरच्या उतारूंनी पाहून शिकावे. दुपारी कातडे सोलले, चरबीवर सुरीने शंकरपाळ्यांसारख्या चिरा दिल्या, प्रत्येक चिरेच्या गाठीवर एक लवंग टोचली. मी स्वतः टोचल्या. रांगा सरळ आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी मी दोनदा मागे सरकून पाहिले, यावर गोदाने केलेले भाष्य येथे देत नाही.

मग तकाकी. साखरांबा, काकवी आणि वाटलेली मोहरी एकत्र करून मी ती मांडीवर ओतली. ती सरळ घसरून तळाशी गेली. पुन्हा ओतली, पुन्हा गेली. मांडी तशीच पांढुरकी राहिली, आणि मला परशुरामचे शब्द आठवले. त्याने नुसते हॅम म्हटले नव्हते. तकाकी चढवलेले म्हटले होते. माझा चेहरा पाहून गोदा म्हणाली, "पाक एकतारी हवा की दोनतारी, ते विचारलंत का तुमच्या भावजयीला?" हे विचारावे, असे माझ्या मनातही आले नव्हते. तिने तळाचे सगळे परत कढईत घेतले, बोटांत तार ओढून पाहत दोनतारीच्या किंचित पुढे नेले, आणि नारळाच्या काथ्याच्या कुंचल्याने एकावर एक हात दिले. वर झाकण, झाकणावर निखारे. दुसऱ्यांदा झाकण काढले तेव्हा मांडी जुन्या शिसवी पेटीसारखी चमकत होती. भागोजी वाकून पाहत म्हणाला, "दादा, ह्यात तोंड दिसतंय की." आणि त्याने खरोखरच त्यात पाहून मिशी सारखी केली.

परशुराम रत्नागिरीस सकाळची उपासना आटोपून सर्व्हिस मोटारीने आला. तो पायवाटेने चढत होता तेव्हा मी खळ्यात निखारे उचलत होतो. हात काळे, अंगात बनियन. सोळा वर्षांनी भेटताना काय बोलावयाचे ते मी मनाशी नीट रचून ठेवले होते. त्याने आधी तपेल्याकडे पाहिले, मग मांडीकडे, मग माझ्याकडे. "तुम्ही खरंच केलंत," तो म्हणाला. मी म्हणालो, "अट होती." तो हसावयास लागला, आणि हसता हसता त्याला चष्मा काढावा लागला.

आई ओट्यावर उभी होती. ती एवढेच म्हणाली, "पाय धुऊन ये. पान वाढलंय."

वाडी येऊन बसली होती. पण पान कोणी ओढेना. आत्माराम चुलते, वाडीचे तात्या, समोर आपल्या ओट्यावर, आमच्याकडे पाठ करून बसले होते. शिकारीवर पहिली सुरी चालवण्याचा मान त्यांच्या घराचा. तो पिढीजात आहे, आणि तो चालल्याशिवाय वाटे पडत नाहीत. पहिली सुरी चालवणाऱ्याने पहिला तुकडा खावयाचा, हाही रिवाज. ते आले नाहीत तर खालच्या आळीतल्या लवूकडे मान जातो. लवूचे घर तो दोन पिढ्या मागत आले आहे, आणि लवू सकाळपासून हात धुऊन बसला होता.

भागोजी अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि समोरच्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तात्या, सुरी. न्हायतर लवूला देतंव."

लवू उठला. तात्या त्याच्या आधी उठले. त्यांच्या अंगावर धुतलेले धोतर होते आणि कमरेला त्यांची स्वतःची सुरी. तिला ताजी धार होती. ते कोणाकडेही न पाहता आले, मांडीपुढे बसले, पहिला काप काढला आणि तोंडात टाकला. पंगत त्यांच्या जबड्याकडे पाहत होती. बराच वेळ चावून ते म्हणाले, "लोणच्यावानी लागतंय. ग्वाड लोणच्यावानी." मग नीट खात्री करण्यासाठी त्यांनी आणखी एक काप घेतला.

त्यानंतर भागोजी घरांची नावे पुकारू लागला आणि तात्या काप काढून पानांवर ठेवू लागले. माझे घर झाले, लवूचे झाले, मुंबईस असलेल्यांची झाली. शेवटी भागोजीने कुत्र्यांना हाक घातली. तात्यांनी सुरी थांबवली.

"एक घर ऱ्हायलं," ते म्हणाले.

भागोजी म्हणाला की सगळी झाली.

"रावजीदादाला पोर दोन. थोरल्याचा वाटा पडला. धाकट्याचा?"

कोणीतरी मागून म्हणाले की ते घर नगरला आहे.

"मुंबयवाल्यांचं ठेवतंव ना आपण?" तात्या चिडून म्हणाले. "मंग नगरला काय रस्ता न्हाय?"

भागोजी सुरुवातीपासून पुकारत होता त्याच सुरात त्याने पुकारले, "परशुराम रावजी घाग." आणि तात्यांनी वाटा ठेवला. मानाचे काम अर्धवट झालेले त्यांना खपत नाही. त्यांनी जे केले ते याच कारणाने केले, असे ते आज सकाळपासून भेटेल त्याला सांगत आहेत.

जेवणापूर्वी परशुरामने डोळे मिटून लहानशी प्रार्थना म्हटली. वाडी पानावरचे हात मागे घेऊन थांबली. तो थांबताच लवूने हलकेच विचारले, "झालं?" झाले म्हणताच आपल्याकडची जेवणापूर्वीची नेहमीची आरोळी उठली, आणि सगळे पानांवर वाकले. आई पंगतीला बसली नाही. तिने पाट परशुरामच्या शेजारी नव्हे, बरोबर समोर, अगदी जवळ मांडला, उजेड त्याच्या तोंडावर पडेल असा. तो जेवून उठेपर्यंत ती पापणी न हलवता बसून होती. तो तिसऱ्यांदा भात घेत होता तेव्हा ती गोदाला म्हणाली, "तसाच खातो गं. आधी डावा गाल."

(पुढचा मजकूर रत्नागिरीहून.)

परशुराम शनिवारच्या बोटीने निघेल. त्याच्याबरोबर तुझ्या घराचा वाटा पाठवीत आहे, कुंभ्याच्या पानात बांधून. मिठात मुरलेला असल्यामुळे प्रवासात टिकेल. थोड्या करंज्याही आहेत. वाटा घरातल्या सर्वांनी खावयाचा असतो. तुझ्या घरात वसतिगृहातील मुली धरावयाच्या की नाही, असे मी तात्यांना विचारले. ते म्हणाले की तिच्या चुलीवर जेवतात त्या सगळ्या. तेव्हा काप पातळ करावेस. तकाकी तुझ्या मते जमली आहे का, ते स्पष्ट लिहावे. भीड धरू नये. तात्यांनी पुढील नाताळ कोणत्या वारी येतो, हे माझ्याकडून लिहून घेतले आहे.

मे महिन्यात शाळेला सुटी लागली की तू ये. मुलींना आणावयाचे असल्यास आण. आंबा तेव्हा पुरेल. हे आमंत्रण परशुरामला नाही. त्याला आता आमंत्रण लागत नाही.

वाटा पोचल्याची पोच आईच्या नावे पाठव, माझ्या कचेरीच्या नावे नको. ती मी तिला वाचून दाखवणार आहे, त्यामुळे अक्षर मोठे काढण्याचे कारण नाही. मजकूर मात्र मोठा असावा.

तुझा थोरला दीर,
श्रीपती रावजी घाग
रत्नागिरी, ता. २८ डिसेंबर १९३३